बाळाच्या झोपेसाठी

माझं काम न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचं. जागेवर नुसता मुरूम असतो आणि माझ्या कॉम्प्युटरवर तिथं सात मजले उभे राहतात, बाल्कनीत कुंड्या लागतात. एकेक चित्र तयार व्हायला तासन्‌तास लागायचे, म्हणून प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मी तो जास्त वेगाने पळवत होतो. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. काम लवकर व्हायचं, पण प्रोसेसर तापायचा, आणि त्याला गार ठेवणारा पंखा असा ओरडायचा की शेजारच्या काकूंनी एकदा बेल वाजवून विचारलं होतं, "मिक्सर बिघडलाय का तुमचा?"

जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. एसी एकाच खोलीत, त्यामुळे उन्हाळाभर कॉम्प्युटर, मी आणि बायको तिथंच. त्या उन्हाळ्यात तिला सातवा महिना लागला होता. दुपारी ती कुशीवर पडून डोळे मिटायची आणि पंख्याने जोर धरला की उघडायची.

"माझं जाऊ द्या, मी झोपेन कशीही," एक दिवस ती म्हणाली. "पण बाळ आल्यावर हे चालायचं नाही. बघा की काहीतरी."

तिचं माहेर अक्कलकोटचं. तिकडे काय नि आमच्याकडे काय, बाळ होण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही. झबलंसुद्धा नाही. सासूबाईंनी फोनवर दोनदा बजावलं होतं. पण प्रोसेसर पाण्याने गार करायची यंत्रणा ही कॉम्प्युटरची वस्तू, तिला कोण अडवणार? आम्ही दोघं त्या खरेदीच्या मागे लागलो. आज वाटतं, झबल्यांची, पाळण्याची सगळी हौस आम्ही त्या एकाच वस्तूवर भागवून घेतली.

माझ्या मनात वर्षानुवर्षं एकच होतं: पारदर्शक नळ्या स्वतः वाकवून जोडायच्या, त्यातून निळं पाणी फिरवायचं. व्हिडिओ लावून मी तिला दाखवलं. तिने शेवटपर्यंत बघितलं.

"छान दिसतंय. पण ते निळं पाणी गळून खाली सांडलं आणि रांगत्या पोराने तोंडात घातलं तर?"

मदरबोर्डवर पाणी गळलं तर काय, एवढाच विचार मी आजवर केला होता.

मग पाणी आधीच भरून सीलबंद येतात त्यातला कूलर घ्यायचं ठरलं. आता दोन पंख्यांचा की तीन? कॅबिनेट उघडून तिने शिवणाची टेप आत धरली आणि पाणी गार करणारा तीन पंख्यांचा रेडिएटर वरच्या बाजूला बसत नाही हे माझ्याआधी तिनेच सांगितलं. शहरातल्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "सर, सोलापूरच्या उन्हात एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "खोलीत जेवढी गरमी, त्याच्याखाली हे पाणी जात नसतं. वेग थोडा कमी करा, मग दोन पंखे भरपूर झाले." तिला त्यात रस नव्हता. तिने सुरू असलेल्या एका मशीनला कान लावला. दुसऱ्याला लावला. पुन्हा पहिल्याकडे आली.

"हा गुणगुणतो नुसता. हाच घ्या. बाळ झोपेल याच्यात."

दुकानदार हसला. माल पुण्याहून येणार होता. आला की फोन करतो म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ती चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली, "अहो, कालपासून हालत नाहीये." गोड खाऊन बघितलं, डाव्या कुशीवर झोपून बघितलं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करता करता बोलणं थांबवलं आणि स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला. तेव्हाच मला कळलं. तिलाही कळलं असणार, कारण तिने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ जन्मलं. मुलगी होती. नर्सने तिला कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. अक्कलकोटहून आलेल्या बायकांपैकी एक म्हातारी म्हणाली, "आईला दाखवू नका. जन्मभर डोळ्यांसमोरनं जायचं नाही." सासूबाई आत लेकीला जवळ धरून "अळब्याड, अळब्याड" म्हणत होत्या, रडू नको, रडू नको, आणि स्वतः रडत होत्या. मी बाळ हातात घेऊन दाराशी उभा होतो. चार पावलं आत जायचं होतं. गेलो नाही. मोठ्यांचं ऐकलं. सासरे आणि मी जाऊन बाळाला माती देऊन आलो.

बायकोला माहेरी नेलं. दुकानातून फोन आला तेव्हा घरात मी एकटाच होतो. आणायला गेलो. खोकं पुढं सरकवत दुकानदाराने विचारलं, "मॅडम बऱ्या आहेत ना? काय झालं, मुलगा की मुलगी?"

"मुलगी," मी म्हणालो.

"वा! पेढे पाहिजेत सर." मी हो म्हणालो आणि खोकं घेऊन बाहेर आलो. गाडी सुरू करता येईना म्हणून बराच वेळ फूटपाथवर बसून राहिलो.

सव्वा महिन्याने ती परत आली. मी दिवसभर कामात डोकं घालून बसायचो आणि त्या पंख्याच्या आवाजाचं मला बरंच वाटायचं, बोलावं लागत नव्हतं. खोकं कपाटाखाली तसंच होतं. एकदा केर काढताना तिने ते बाहेर ओढलं. "आणलाय तर लावा की," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मी जुना पंखा काढला, प्रोसेसरवर नवीन पेस्ट लावली, रेडिएटर वर बसवला. मशीन सुरू केलं. तिने निवड बरोबर केली होती. आवाज जवळजवळ नव्हताच.

तिसऱ्या दिवशी दुपारी काम चालू असताना मला स्वयंपाकघरातून काहीतरी ऐकू आलं. भांड्याचा आवाज असेल असं आधी वाटलं. मग उठलो. ती ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, पदराचा बोळा तोंडात होता. मला पाहून दचकली नाही.

"रोज रडतेस?" मी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. "त्या पंख्यात तुम्हाला ऐकू जात नव्हतं, बरं होतं."

मी तिच्याजवळ खाली बसलो. ती म्हणाली, "तुम्ही बघितलंय तिला. मला कुणी दाखवलं नाही."

"मी दाखवायला हवं होतं. चुकलो मी."

"कशी होती?"

मी सांगितलं. केस दाट होते, कपाळाला चिकटलेले. नाक माझ्यासारखं बसकं. हनुवटी तिची. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती, डाव्या हाताची बोटं मोकळी होती आणि नखं बारीक, पूर्ण वाढलेली होती.

"आणि डोळे?"

"मिटलेले होते. पापण्या लांब होत्या."

तिने डोळे पुसले नाहीत. माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "परत सांगा. पहिल्यापासून."