साध्या काडतुसाचा रिकामा रकाना

ग्रेग खुशीत होता. "मेधा, तुमचा अ‍ॅडव्हायझर मस्त चाललाय. महिना झाला, एकही कम्प्लेंट नाही. आणि लोक धडाधड प्लस-पी नेतायत."

मी थँक यू म्हटलं. शेजारी बसलेल्या मोरिता-साननी, म्हणजे माझ्या बॉसनी, स्क्रीनकडे पाहून मान लववली. टोकियोत सकाळचे साडेसात, ग्रेगकडे अमेरिकेत आदल्या दिवशीची संध्याकाळ. पाच मिनिटांत कॉल संपला आणि मी कॉफी आणायला गेले.

मी पुण्याची. बारा वर्षं टोकियोत आहे, ओजिमाला राहते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत क्वालिटी सांभाळते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते. घरीही तेच करते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

ग्रेग अमेरिकेतल्या एका शस्त्रांच्या दुकानाचा मॅनेजर. दुकानाच्या वेबसाइटवर आम्ही त्यांना एक सल्लागार बनवून दिला होता. तो गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारायचा: पिस्तूल कोणतं, किती जुनं, कशासाठी हवं, हातात जोर किती. मग स्वसंरक्षणासाठी कोणती काडतुसं घ्यावीत ते सुचवायचा. आता जपानमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल ठेवताच येत नाही. आमच्या टीममधल्या सात जणांनी ते पाहिलं असेल तर चौकीतल्या पोलिसाच्या कमरेला, तेही कातडी पाकिटात झाकलेलं. आडातच नव्हतं, पण पोहरा आम्ही वेळेत डिलिव्हर केला. मोरिता-सान तर या प्रोजेक्टचे कागद घरी नेऊ देत नसत. ट्रेनमध्ये शेजारच्यानं वाचले तर काय, ही त्यांची काळजी.

थोडं काडतुसांबद्दल सांगते. घोडा ओढला की आतली दारू पेटते, वायू होतो आणि त्याच्या दाबानं गोळी सुटते. प्रत्येक मापाच्या काडतुसात हा दाब किती असावा याची मर्यादा ठरलेली असते. त्या मर्यादेतलं ते स्टँडर्ड प्रेशर. काही मापांत त्याहून थोडं चढवलेलं काडतूसही मिळतं, ते प्लस-पी. ऐकणाऱ्याला वाटतं, प्लस म्हणजे चांगलंच. तसं नसतं. मिसळीवर जादा तर्री घेतली म्हणून पोट जास्त भरत नाही, नाक मात्र गळतं. दाब वाढला की हाताला धक्का जास्त बसतो आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. जुनी, हलकी रिव्हॉल्व्हरं तर त्या दाबासाठी बनवलेलीच नसतात. त्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं. म्हणून म्हाताऱ्या हातात जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर साधं, स्टँडर्ड काडतूसच बरं. हे सगळं मी वाचून काढलं होतं. अ‍ॅडव्हायझरलाही शिकवलं होतं.

कॉफी घेऊन परत आले तर ओनोदेरा-सान माझ्या टेबलापाशी उभे. हे गृहस्थ रिटायर होऊन पुन्हा करारावर आलेले. काम एकच, शेवटची तपासणी. सगळं प्रिंट काढून, ओळीखाली फूटपट्टी धरून वाचतात. आमची तरुण मंडळी त्यांना हसतात, मीही हसले आहे. थंडीत ते डोंगरात रानडुकराच्या शिकारीला जातात. बारा बोअरच्या बंदुकीचं लायसन्स आहे, आणि उडवलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद ठेवून ती पोलिसांना दाखवावी लागते.

"पाटणकर-सान," ते म्हणाले, "महिन्याभराची यादी वाचली. एक कळलं नाही. साधी काडतुसं कुठे गेली?"

"म्हणजे?"

"एकाही माणसाला सुचवलेली नाहीत. मी शिकारीला साधीच वापरतो. सगळे साधीच वापरतात. दुकानात तीच जास्त असणार."

मी डेटा उघडला. साधी काडतुसं दुकानात ढिगानं होती. पण त्यांचा प्रेशरचा रकाना रिकामा होता. कारण सरळ होतं. दाब चढवला असेल तर कंपनी खोक्यावर प्लस-पी छापते. साधं असेल तर बहुतेक काहीच छापत नाही. साध्याला साधं कशाला म्हणायचं? दुकानातल्या लोकांनी खोकं पाहून माहिती भरली. खोक्यावर काही नव्हतं म्हणून काही भरलं नाही.

आणि रिकामा रकाना दिसला की काय करायचं, तो नियम मी लिहिला होता.

जपानमध्ये फॉर्मवर जागा मोकळी सोडत नाहीत. सांगण्यासारखं काही नसेल तर 'तोकुनि नाशी' लिहायचं, म्हणजे 'विशेष काही नाही'. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मुलीच्या पाळणाघराच्या वहीत मी ताप-खोकल्याचे रकाने तसेच सोडले. पोरगी ठणठणीत होती. तासाभरात बाईंचा फोन आला, ताप आहे का नाही, नक्की काय समजायचं? तेव्हापासून मी अशी सुधारले की जपान्यांपेक्षा जास्त जपानी झाले. प्रोजेक्टच्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी नियम मांडला: रकाना रिकामा तर माहिती अपूर्ण, माहिती अपूर्ण तर तो माल सुचवायचा नाही. मोरिता-सान म्हणाले होते, पाटणकर-सान आता अगदी आपल्यातल्या झाल्या. मला त्याचा आनंद झाला होता, कबूल करते. टेस्टिंगला आम्हीच डेटा बनवला आणि त्यात सगळे रकाने शहाण्यासारखे भरले. त्यामुळे टेस्ट छान पास झाली.

राहिलेली कसर ग्रेगच्या अटीनं भरून काढली होती. गिऱ्हाइकाला कधीही कोरं पान दिसता कामा नये. त्या मापात योग्य काही नसेल तर जे असेल ते दाखवा आणि खाली 'मॅन्युअल पाहा' असं बारीक अक्षरात लिहा. साधी सगळी नियमानं बाद झालेली, उरलं ते प्लस-पी.

ओनोदेरा-साननी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. डोरिस, वय चौऱ्याहत्तर. गेलेल्या नवऱ्याचं छोटं, हलकं, चाळीसेक वर्षांचं रिव्हॉल्व्हर. शेरा तिनंच लिहिलेला: एकटी राहते, बोटं आखडतात. आमचा सल्ला, प्लस-पी. खोकं दुकानात येऊन पडलेलं, आज घ्यायला येणार.

मी लगेच मोरिता-सानना बोलावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी कारण निश्चित करू. मग रिपोर्ट, मग दोन्हीकडची मंजुरी, मग क्लायंटला कळवू."

"कारण मी आहे," मी म्हटलं. "रिपोर्ट दुपारी देते. फोन आत्ता करते."

बारा वर्षांत मी त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यांनी स्वतः खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले.

ग्रेगनं फोन उचलला, तिकडे सात वाजले होते. मी दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "डोरिस? दुपारीच घेऊन गेली."

"तिला फोन कर. ती काडतुसं भरू नको म्हणून सांग. अ‍ॅडव्हायझर मी आत्ता बंद करतेय."

"अख्खा बंद? आणि सेल्स..."

"ग्रेग, आधी तिला फोन."

अ‍ॅडव्हायझर बंद केला. यादीतल्या बाकीच्या जुन्या पिस्तुलवाल्यांची नावं काढून पाठवली. ग्रेगचा फोन यायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत मला देव आठवले, आणि ते रिव्हॉल्व्हर बनवणारा कोण तोही आठवला. त्यानं लोखंडात काटकसर केली नसावी एवढीच प्रार्थना होती.

डोरिसबाई दुकानातून निघून सरळ गावातल्या नेमबाजीच्या रेंजवर गेल्या होत्या. दोन गोळ्या झाडल्या. पहिलीनं मनगट मुरगळलं, दुसरी छताला लागली. रिव्हॉल्व्हर धड होतं, बाईही तशा धड होत्या. हाताला पट्टी बांधली होती.

"चिडल्यात का?" मी विचारलं.

"नाही ना," ग्रेग म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "सॉरी म्हणत होती. छताचं भोक भरून देऊ का विचारलं. म्हणाली, कॉम्प्युटरनं बरोबरच सांगितलं असणार, माझंच वय झालंय. रिव्हॉल्व्हर विकायला काढलंय तिनं."

मला इतकी लाज वाटली की ग्रेगला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मोरिता-सान फोनसमोर उभे राहून कमरेत वाकले. व्हिडिओ बंद होता, ग्रेगला ते दिसलं नाही.

पुढचे दोन आठवडे मी आणि ओनोदेरा-साननी प्रत्येक खोक्याची माहिती त्या त्या कंपनीच्या यादीशी ताडून पाहिली. रिकामं म्हणजे साधंच, असंही धरून चालत नाही. खरोखर कुणी भरायचं विसरलेलं असू शकतं. प्रत्येक साध्या काडतुसापुढे 'स्टँडर्ड' असं लिहिलं. फूटपट्टी मी धरली. जुन्या पिस्तुलाला योग्य काही नसेल तर कोरं पान दाखवायचं, हे ग्रेगनं कुरकुरत मान्य केलं. नंतर त्याच्या मालकानं विचारलं, प्लस-पी यादीत जरा वर दाखवता येईल का? मोरिता-सान म्हणाले, विचार करतो. जपानमध्ये बॉस असं म्हणाला की विचार संपलेला असतो.

डोरिसना ग्रेगनं स्वतः नेऊन साध्या काडतुसांचं खोकं दिलं आणि चूक त्यांची नव्हती हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. रिव्हॉल्व्हर त्याआधीच विकून झालं होतं.

माझ्या रिपोर्टमध्ये मी एकच शिफारस केली. 'कम्प्लेंट शून्य' हा आकडा यापुढे क्वालिटीचा पुरावा म्हणून धरू नये. यंत्र चुकलं की भिडस्त माणूस स्वतःलाच दोष देतो आणि गप्प बसतो. मोरिता-साननी त्यावर शिक्का मारला. पुढच्या महिन्याच्या मीटिंगची पहिली स्लाइड मात्र तीच होती: कम्प्लेंट शून्य. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ओनोदेरा-सान आणि मी सोडून.