साबणाचा थेंब

प्रयोगशाळेत त्यांना सगळे थेंबेकाका म्हणत. तेवीस वर्षं या माणसानं एकच काम केलं होतं: खळग्याखळग्यांच्या प्लेटमध्ये थेंब सोडायचे. एक थेंब एन्झाइमचा, एक नव्या रसायनाचा, आणि एक अशा द्रवाचा, की एन्झाइमनं त्याला तोडलं की खळगी पिवळी व्हावी. रसायनानं एन्झाइमचं तोंड बंद केलं, तर खळगी नितळ राहते. पण नितळ राहायला खळगी तयार नको? वर्षानुवर्षं नुसतं पिवळं बघून एखाद्याला कावीळ व्हायची.

गेली चार वर्षं काम चाललं होतं ते एन्झाइम तर काकांच्या घरातलंच. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या अंगात ते पिसाळलं होतं आणि तिचे स्नायू कुरतडत होतं. ताई शिवणकाम करायची. आता तिला कात्रीही उचलत नव्हती.

सोमवारी चारशे सतरा नंबरची खळगी नितळ राहिली. काकांनी चष्मा पुसून पुसून पाहिली.

एक परीक्षा मात्र उरली होती. काही रसायनं लबाड असतात. ती एन्झाइमचं तोंड धरत नाहीत, आपसात गोळे करून त्याला नुसतं गुंडाळून ठेवतात. साबणाचा थेंब पडला की गोळे फुटतात आणि सोंग उघडं पडतं. खरं असेल ते साबणालाही बधत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणायच्याच, "काका, साबण लावल्याशिवाय मी जावयावरसुद्धा विश्वास ठेवत नाही."

काकांनी तो थेंब टाकला नाही. आज बाटली संपली, उद्या मशीन मोकळं नाही, अशी चालढकल सुरू केली. आणि घरी मात्र तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

"ताई, एक सापडलंय गं."

"पक्कं?"

"जवळजवळ."

तेवढ्यावर ताईनं शेजारणीच्या लेकीचा फ्रॉक शिवायला घेतला. कापड मशीनवर पसरून ती त्याच्यावरून हात फिरवत बसायची. रसायन खरं ठरलं तरी त्याची गोळी व्हायला दहा वर्षं लागतात, हे सांगायचं काकांनी राहू दिलं.

गुरुवारी मॅडम स्वतःच शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काकांनी साबण टाकला. कधी देवापुढे हात न पसरलेला माणूस दहा मिनिटं एका खळगीकडे बहिणीचे हात मागत बसला. खळगी पिवळी झाली.

संध्याकाळी त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ती कापडाची घडी घालू लागली. घडी काही जमेना.

"सोमवारीच का नाही टाकलास साबण?"

"धीर झाला नाही गं."

"बरं केलंस," ती म्हणाली. "मनातल्या मनात सगळा फ्रॉक शिवून झाला होता माझा. नुसता गळा राहिला होता. आणखी एक दिवस थांबायचंस रे."