लग्न वेळेवर लागलं आणि ड्रोन धडकले

आमच्या भागात लग्न वेळेवर लागत नाही. पत्रिकेवरची वेळ फक्त आचाऱ्यासाठी असते, बाकीचे त्या वेळेला आंघोळीला जातात. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एका नवरदेवाच्या वडिलांना. ते कवठे महांकाळकडचे निवृत्त सुभेदार.

मी उसावर पातळ खत फवारणारा ड्रोन चालवते. बचत गटाचा आहे, मी रीतसर शिकले आहे, लायसन आहे. पण माझ्या सासऱ्यांना, मी त्यांना मामा म्हणते, ते कधी पटलं नाही. ते त्याला 'पंखा' म्हणायचे. "पंखा ज्या दिशी कुटं आपटंल, त्या दिशी रिमोट माळ्यावर टाकायचा," असं बजावून ठेवलेलं. मला तर उडवायचं वेडच लागलं होतं. उसाच्या शेंड्यांवरून तो गुरगुरत निघाला की जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. हे सुख हातचं जाऊ नये म्हणून मी जिवापाड जपायची.

त्या दिवशी आमच्या उसाच्या पलीकडच्या माळावर भावकीतल्या मुलीचं लग्न होतं. शिरवळचा फोटोवाला आपला छोटा ड्रोन घेऊन आलेला. आम्ही सकाळीच आभाळ वाटून घेतलं. अक्षता पडेपर्यंत आभाळ माझं, नंतर त्याचं. आमच्या भावकीत इतकी सरळ वाटणी आजवर झालेली नाही.

पत्रिकेतली वेळ होत आली तसं मी बांधावरच्या मामांना विचारलं, "मामा, थांबवू का?"

"कशाला? नवरा अजून पारापाशी हाय. उरल्यालं मारून घे."

मी पुन्हा विचारलं.

"मार म्हणलं न्हवं!"

मी मारलं. तिकडे सुभेदारांनी डीजे बंद पाडला, नवरदेवाला घोड्यावरून ओढून खाली घेतलं आणि ठरल्या वेळेला लग्न लावून मोकळे झाले. निम्म्या बायका अजून गजरे माळत होत्या. ड्रोनच्या आवाजात मला काहीच कळलं नाही. टाकी रिकामी झाली, माझा ड्रोन परतायला वर उठला आणि मांडवाकडून आलेला छोटा ड्रोन सरळ त्याच्या अंगावर आला. खाडकन आवाज झाला. छोटा उसात गडप झाला. माझा एक पातं गमावून, झिंगलेल्या माणसासारखा झोकांड्या खात बांधावर येऊन बसला. कुणाला खरचटलंही नाही, पण मामांचा 'पंखा' आपटला होता.

मांडवात मोठ्या पडद्यावर छोट्या ड्रोनचं सगळं थेट दिसत होतं. पाहुण्यांना आधी नवरा-नवरी दिसले, मग गरगरणारं आभाळ, मग उसाची पाती, आणि शेवटी अगदी जवळून एक सरडा. तो मान वर-खाली करत होता. हे पॅकेजमध्येच आहे असं वाटून लोकांनी टाळ्या पिटल्या.

चौकशी पंगतीतच सुरू झाली. हवाई दलात विमानं दुरुस्त करून निवृत्त झालेले आमचे एक चुलत सासरे अध्यक्ष झाले, हातात जिलेबी. धडक पडद्यावर पुन्हा लावली. "परत लाव, परत लाव!" म्हणून पोरांसकट म्हातारे ओरडत होते आणि दर वेळी "गेलं, गेलं!" म्हणून अख्खा मांडव उठत होता. मुलीकडच्यांनी सगळा दोष सुभेदारांवर ढकलला.

"लगीन येळंवर लावायची काय गरज हुती?"

"पत्रिका तुमीच छापली न्हवं?" सुभेदार गरजले.

मला हसू आवरेना. हसता हसता भीतीनं रडूही येत होतं, कारण समोरच मामा बसले होते.

अध्यक्षांनी जिलेबी संपवली. "बोली काय हुती? अक्षता पडंपतोर. अक्षता पडल्या, म्हंजे आभाळ फोटोवाल्याचं. चूक मोठ्या ड्रोनची. अक्षता पडायच्या टायमाला उडव म्हणून कुणी सांगितलं?"

भरल्या मांडवात सासऱ्यांकडे बोट कसं दाखवणार?

मामा पानावरून उठले. "म्या सांगितलं. तिनं दोनदा इचारलं, म्या दोनदा उडव म्हणलं."

"खालनं कोण बी काय बी सांगू दे," अध्यक्ष म्हणाले. "यंत्र पायलटच्या हातात असतं. जबाबदार पायलट."

संपलं, मला वाटलं. रिमोट माळ्यावर. डोळे भरून आले, समोरचं पान दिसेना.

मामांनी सगळ्या मांडवाकडे एकदा बघून घेतलं. "मग तसंच म्हणा. पायलट माझी सून हाय," ते म्हणाले, चांगले मोठ्यानं, पार शेवटच्या पंगतीला ऐकू जाईल असं. मग माझ्याकडे वळून दरडावले, "आन तू गं! म्होरच्या टायमाला म्या जरी उडव म्हणलं, तरी माझं ऐकायचं न्हाई. कळलं का?"