भोकरदनच्या गाडीत फिरलेली टेकडी

पुण्याहून निघताना पाण्याची बाटली भरून घेतली आणि नेहमीप्रमाणे उघडलीच नाही. साठी ओलांडलेल्या बाईला प्रवासात तहानेपेक्षा स्वच्छतागृहाची चिंता जास्त. जालन्याला उतरून दोन चहा घेतले आणि भोकरदनची एसटी पकडली. शाळेपासूनची मैत्रीण शैला तिथे राहते. पंधरा वर्षांत तिच्याकडे जाणं झालं नव्हतं.

राजूर मागे पडलं. कापसाची शेतं, मधूनच शाळू. एक टेकडी बघायला मान वळवली आणि टेकडी गरकन फिरली. मग खिडकी फिरली, छत फिरलं. डोळे मिटले तरी थांबेना. वाटलं, अर्धांगवायूच झाला.

"ताई, डोकं बिलकुल हलवू नका," शेजारची बाई म्हणाली. फरीदा तिचं नाव. भोकरदनला तिचं बांगड्यांचं दुकान. "पाणी पिल्या का सकाळपासून?"

"नाही."

"मंग! घ्या, घोटभर."

भोकरदनला तिनंच मला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी बोलायला लावलं, दोन्ही हात उचलायला सांगितले. मग टेबलावर आडवं करून मान एका बाजूला वळवली आणि माझे डोळे निरखले. "आतल्या कानातले बारीक कण जागेवरून सरकलेत," त्या म्हणाल्या. हळूहळू मान दुसरीकडे, मग कूस, मग उठून बसणं. जग पुन्हा गरगरलं, आणि थांबलं.

"झोप किती घेता?"

"चारेक तास."

"पाणी?"

मी पिशवीतली भरलेली बाटली दाखवली.

"त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण अपुरी झोप, कमी पाणी, दिवसभर एका जागी बसणं, यानं हा त्रास वाढू शकतो. अंथरुणातून उठताना आधी कडेला बसा. बोबडी वळली, हातपाय लुळे पडले, तर मात्र थेट मोठं रुग्णालय गाठायचं."

बाहेर फरीदा बसूनच होती.

"अहो, तुमचं दुकान?"

"दुकान कुठं पळून राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी शैलाने जवळच्या टेंभुर्णीला तिच्या भावाच्या शेतात नेलं. बांधावर बसून हुरडा (कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे) खाल्ला. उठताना मी सावकाश उठले. शैला माझ्यासाठी थांबली.

घरी आल्यावर लेकीला सगळं सांगितलं. आता माझा एकटीचा प्रवास बंद होणार, असंच धरून चालले होते. तिने लॅपटॉप मिटला.

"आई, कूस बदलली की मलाही फिरतं. दोन महिने झाले. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

प्रवासाला मी गेले होते. घरातलं हे अंतर मला कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो.