ठाकुर्लीच्या चॅपलमधली बालवाडी

आईची बालवाडी ठाकुर्लीत एका जुन्या चॅपलमध्ये भरायची. मेथडिस्ट पंथाच्या रेल्वेवाल्या कुटुंबांनी कधीकाळी बांधलेली ती छोटी प्रार्थनेची इमारत. माणसं निवृत्त होऊन पांगली, उरलेली कल्याणच्या मोठ्या चर्चला जाऊ लागली, आणि विश्वस्तांनी ती आमच्या महिला मंडळाला दिली. रिक्षावाले मात्र अजून "चॅपल" म्हटल्यावरच ओळखतात.

काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर निमुळत्या होत गेलेल्या उंच खिडक्या, उतरतं कौलारू छप्पर, आतून दिसणारे सागवानी वासे. जिथून प्रवचन व्हायचं त्या चौथऱ्यावर आमची घसरगुंडी. मला ती वास्तू फार आवडायची. पण सगळी पोरं एकदम ओरडली की आवाज असा घुमायचा, की डोकं उठायचं. म्हणून मंडळाने पीओपीचं सपाट छत घालायचं ठरवलं.

कारागीर माप घ्यायला आला, त्या दिवशी मी आईचा डबा घेऊन गेलेले. तेवढ्यात दारात एक म्हाताऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

"आत येऊ का? माझं लग्न इथं लागलंय."

आईने खुर्ची पुढे केली, पण त्या थेट चौथऱ्याजवळ गेल्या. "मी इथं, आणि आमचे हे इकडे. थरथरत होते नुसते. मी नाही हं!"

"गाणी असायची का हो तुमच्यात?" आईने विचारलं.

"असायची म्हणजे काय!" म्हणत त्या गायलाच लागल्या. मराठीच गीत, जुन्या चालीचं. आवाज बारीक, कापरा; पण वर वाशांपर्यंत जाऊन तो भरून खाली उतरला. संपल्यावर घसरगुंडीवरून एकजण ओरडली, "आजी, अजून एक!"

आई कारागिराला म्हणाली, "दादा, राहू द्या ते छत."

मंडळात त्यावरून चांगलीच वादावादी झाली. शेवटी पालकांकडून जुन्या गोधड्या मागवून भिंतींवर टांगल्या. गोंगाट बराच दबला.

पुढे त्या आजी दर बुधवारी गाणी शिकवायला यायच्या. गुडघे थकले तेव्हा लेक त्यांना वसईला घेऊन गेली. आई अधूनमधून तिकडे जाते. दोघी गॅलरीत बसून आपापल्या सुनांबद्दल मनसोक्त बोलतात.