कुणाचा ट्रॅक्टर जास्त पळतो

लातूर नवा जिल्हा झाला आणि मागोमाग दुष्काळ आला. उदगीरच्या सडकेसाठी दुष्काळी कामावर आम्ही बायकांनी खडी फोडली, हाताची सालटी निघेस्तोवर फोडली. तिच्यावर डांबर पडलं न पडलं तोच गावातल्या दोन बाप्यांना सुचलं काय, तर कुणाचा ट्रॅक्टर जास्त पळतो ते बघायचं!

एक माझा धाकटा दीर, दुसरा वरच्या आळीतला. ट्रॅक्टर दोन्ही जुनाट, वेगाचा काटा एकाचाही चालत नव्हता. म्हणून हॉटेलात रोज तोच वाद. दिराचा तांबडा म्हणे जीपला मागं टाकतो, त्याचा निळा म्हणे एस.टी.ला. नांगराला जुंपले की दोन्ही धापा टाकायचे, ते मात्र कुणी काढत नव्हतं.

गावाला पाणी लांबच्या विहिरीवरून ह्यांच्याच ट्रॅक्टरमागच्या टाक्यांतून यायचं. निळ्याचं वरच्या आळीला, तांबड्याचं आम्हाला. त्या दिवशी दिराच्या बाळाची पाचवी होती. बाळंतिणीला, म्हणजे माझ्या जावेला, न्हाऊ घालायला घरात तांब्याभर पाणी नव्हतं. पाणी आणायला दीर निघाला तेव्हा मी त्याला बजावलं, "भावजी, आज तरी येळेवर या."

"हाव की, वहिनी!"

आला. वेळेच्याही आधी आला! हॉर्न बडवत, टाकी थडथडवत. खाली उडी मारून ओरडला, "लई पळाला! निळा अजून वढ्यातच हाय!"

मी तोटीला घागर लावली. करंगळीएवढी धार आली आणि थांबली.

"पाणी कुठंय, भावजी?"

तर म्हणतो कसा, "माझी टाकी मोठी न्हवं का? दोघांचं वजन सारखं पायजे, न्हाईतर खरं कसं कळणार? म्हणून विहिरीपाशी थोडं सोडलं." सोडलं ते सोडलं, आणि निघायच्या घाईत तोटी नीट आवळलीच नाही. उरलेलं सगळं आम्ही फोडलेल्या खडीवर सांडत आलं होतं. टाकी रिकामी होत गेली, म्हणून तर तांबडा पळाला!

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "काडी लावा तुमच्या त्या ट्रॅक्टरला!" मी घागर आपटली. पाण्याच्या रांगेतल्या बायका तर त्याच्या अंगावरच धावून गेल्या.

तेवढ्यात आतून, बाजेवरून जावेनं हाक मारली, "अक्का, आलं का वो पाणी?"

"न्हाई गं बाई," मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "पाणी न्हाई आलं. तुझा नवरा तेवढा पयला आला."