विकलेल्या विमानातला आवाज

मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. मुलं भुताखेताचं काही बोलायला लागली की मी त्यांना ध्वनिलहरींवर आणते आणि विषय संपवते. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचून झाल्यावर मनातल्या मनात चुका काढते... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आमच्या यांची उदगीरला दालमिल आहे, पण जीव सगळा विमानात. चाळिशीनंतर लायसन्स काढलं आणि पुढे काही वर्षांनी स्वतःचं विमान घेतलं. एकाच इंजिनचं, पण भलतं वेगवान. चाकं पोटात घेणारं, समोर टीव्हीसारखे दोन मोठे पडदे, सीटला कातडी कव्हरं. लातूरच्या विमानतळावर ते उभं असलं की फ्लाइंग शिकणारी पोरं येऊन त्याच्याजवळ फोटो काढायची.

त्या विमानात एक आवाज होता. बाईचा. चाकं बाहेर काढायची राहिली, उंची कमी झाली, इंधन कमी झालं, की ती इंग्रजीत सांगायची. शांत, जराही न चिडता. हे तिला 'बाई' म्हणायचे. "आज बाईनं आठवण केली म्हणून बरं," असं घरी येऊन सांगायचे. मी पंचवीस वर्षं या माणसाला बीपीची गोळी घ्या म्हणून सांगतेय, ते कानावरून जातं... आणि ती एकदा बोलली की लगेच हात हलायचा. मी चार-पाच वेळाच बसले असेन त्या विमानात. तिचा आवाज कानात आला की माझं डोकं फिरायचं. हसा हवं तर. कॅसेटसारख्या भरून ठेवलेल्या आवाजाचा मत्सर करणारी फिजिक्सची मॅडम, हे मलाही कळत होतं. पण होत होता.

मग साठी जवळ आली. मिलच्या कामामुळे उडणं कमी झालं होतं. एकदा हैदराबादहून एकटे आले आणि जेवताना म्हणाले, "विमान माझ्या पुढं पळायलंय. मी मागं पडायलोय." वेगवान विमानात पुढची तीन कामं आधीच डोक्यात तयार असावी लागतात आणि आता ती वेळेवर सुचत नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. काही बिघडायच्या आत सोडलेलं बरं. मला या निर्णयाचं कौतुक वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

सुरतच्या एका गृहस्थांनी ते घेतलं. त्यांचा पायलट न्यायला आला तेव्हा हे कुंपणाजवळ उभे राहिले. विमान ठिपका झालं, दिसेनासं झालं, तरी उभेच. मुलीला नांदेडला सासरी पाठवलं तेव्हा हाच माणूस मंडपवाल्याशी बोलत होता. माझ्या ते लक्षात राहिलं.

त्या जागी आलं ते छोटं विमान. पंख डोक्यावर, चाकं कायमची बाहेर, पडदे नाहीत, नुसते काटे. माझ्या शाळेच्या दिवसांत बनलेलं असेल. आवाज देणारं त्यात काहीही नाही. हे मी नंतर दोनदा तपासून घेतलंय. विमान हळू जातं, खालची गावं ओळखू येतात. मला ते आवडलं. आणि त्यांच्या शेजारची सीट आता माझी झाली.

पावसाळा संपत आला होता. रविवारी सकाळी आम्ही लातूरहून निघालो. नांदेडवरून तसंच पुढे इस्लापूरकडे जायचं, सहस्रकुंडचा धबधबा वरून बघायचा, परत फिरून नांदेडला उतरायचं आणि लेकीकडे जेवायचं, असा बेत होता. यांनी निघण्यापूर्वी शिडीवर चढून दोन्ही पंखांतल्या टाक्या पट्टीने मोजल्या होत्या. इंधन भरपूर होतं.

अहमदपूर मागे पडलं. खाली सोयाबीन पिवळं पडलेलं, हे स्वतःशीच गुणगुणत होते. आणि माझ्या हेडफोनमध्ये ती बोलली.

"चेक फ्युएल."

तोच आवाज. शांत, शेवट किंचित वर नेणारा. मी यांच्याकडे पाहिलं. गुणगुणणं चालूच. मला वाटलं, भास. आणि भास व्हायलाही हिचाच व्हावा, याचा राग आला. मी खिडकीतून खाली बघायला लागले.

लोह्याजवळ पुन्हा. "चेक फ्युएल." या वेळी मी इंधनाचे काटे बघितले. दोन्ही अर्ध्याच्या वर. तरीही मी बोलले नाही. त्यांच्या तोंडावर तिचं नाव घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण समोर गोदावरी दिसायला लागली, आणि नांदेड ओलांडलं की पुढे किनवटच्या बाजूचं डोंगर-जंगल, उतरायला जागा नाही, हे मला माहीत होतं.

"तुमची बाई बोलतेय," मी म्हणाले.

ते हसले. माझ्या तोंडाकडे बघितलं तेव्हा हसू गेलं. "काय म्हणाली?"

"चेक फ्युएल. दोनदा."

"काटा अर्ध्याच्या वर हाय." त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. मग म्हणाले, दुसऱ्या कुणाचा रेडिओ घुसला असेल, दे इकडं. त्यांनी माझा हेडफोन स्वतः घातला, त्यांचा मला दिला. मिनिटभर दोघंही कान देऊन बसलो. त्यांना काही नाही... आणि मला, आता त्यांच्या हेडफोनमधून, तिसऱ्यांदा.

"आत्ता बोलली," मी म्हणाले. "सहस्रकुंड राहू द्या. आधी खाली उतरा."

एरवी त्यांनी वाद घातला असता. पण टॉवरला कळवलं आणि थेट नांदेडला उतरवलं.

इंजिन बंद करून ते पंखाखाली गेले आणि तिथेच थांबले. उजव्या पंखाच्या मागच्या कडेला इंधनाचा निळसर ओघळ होता. वर चढून पाहिलं तर टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं. पंख वर असल्यामुळे आतून काही दिसायचा प्रश्नच नव्हता. हवेने सगळी वाट इंधन ओढून बाहेर काढलं होतं. दोन्ही टाक्या आतून जोडलेल्या, त्यामुळे उजवी कोरडी आणि डावीतही तळाला थोडंसं. आत दोन्ही काटे अजून अर्ध्याच्या वर. नंतर लातूरच्या इंजिनिअरने सांगितलं की ते अडकलेले होते, जुन्या काट्यांचं असं होतं. तुम्ही इस्लापूरपर्यंतसुद्धा पोचला नसता, असंही म्हणाला.

लेकीकडे यांनी दोन घास खाल्ले. तिला आम्ही फक्त झाकणाचं सांगितलं.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे तपास केला. त्या सकाळी टॉवरवर बाई नव्हती, सगळं बोलणं एका पुरुषाचं. आसपास दुसरं विमानही नव्हतं. यांनी सुरतला फोन लावला. ते विमान दुरुस्तीसाठी खोललेलं, बॅटरी बाहेर काढून ठेवलेली. आता उरतो माझा मेंदू. पेट्रोलचा बारीक वास नाकाला लागला असेल आणि मेंदूने ओळखीच्या आवाजात इशारा दिला असेल... वर्गात कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण वास मला आला नव्हता. आणि काटे अर्ध्याच्या वर दिसत असताना माझ्या मेंदूला, ज्याला विमानातलं ओ की ठो कळत नाही, नेमके तेच दोन शब्द कसे सुचले, हे मला सांगता येत नाही.

खरी गोष्ट मात्र घरी आल्यावर सुरू झाली. हे चार दिवस माझ्याशी धड बोलेनात. मला वाटलं, घाबरलेत. पाचव्या दिवशी चहा घेताना खाली बघत म्हणाले, "इतकी वर्षं मी तिला घेऊन फिरलो. तुला तर ती बघवायची बी न्हाई."

"मग?"

"मग तुलाच का सांगितलं तिनं? मी बाजूलाच होतो की."

मी म्हटलं, तुम्ही गुणगुणत होता. ते त्यांना लागलं.

झाकण बदललं, काटे बदलले. मी अजूनही त्यांच्याबरोबर जाते, पुन्हा कधी काही ऐकू आलेलं नाही. पण काही रविवारी ते मला न सांगता एकटेच विमानतळावर जातात. इंजिनिअर म्हणाला, साहेब उडत नाहीत... हेडफोन घालून आत नुसते बसतात, बराच वेळ. घरी आले की मी काही विचारत नाही. चपला काढतानाच कळतं की ती आजही बोललेली नाही.

याचं स्पष्टीकरण मला अजून मिळालेलं नाही. त्यांच्यासाठी वाईट वाटतं, जेवायला त्यांच्या आवडीचं करते. पण ती बोलली ती माझ्याशीच... आणि ते मला बरं वाटतं.